लाल छातीच्या फ्लफटेलच्या मागावर: नवख्यांसाठी

पक्ष्यांच्या मराठी यादीत एक 'लाजरी पाणकोंबडी' आहे. ज्याचं बालपण कोकणात गेलं त्याला या नावाचं हसूच येतं. पाऊस लागला की ही बाई न्हाणीच्या सांडपाण्यालगत शेपटी उडवत फिरते आणि रात्रभर 'कुवाक-कुवाक' करून अख्ख्या वाडीची झोपमोड करते. पाणथळीतला खरा लाजाळू पक्षी कसा असतो ते मला जोहान्सबर्गला राहायला आल्यावर कळलं. त्याचं नाव फ्लफटेल. माझ्या वहीत त्याच्यापुढे 'ऐकला' असं लिहून झालं, आणि त्याखाली 'पाहिला' लिहायला पुढचे चौदा महिने गेले.

सिंह-हत्ती बघून झाले, आता जरा दलदलीकडे वळू, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या मंडळींना शनिवार-रविवारी जमेल असं आहे. महागडा कॅमेरा लागत नाही. चिकाटी मात्र लागते, आणि पहाटे साडेतीनचा गजर.

आधी ओळख

फ्लफटेल हा एक पक्षी नाही, नऊ जातींचा गट आहे. दोन मादागास्करला, उरलेल्या सात आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर. दक्षिण आफ्रिकेत आणि आसपासच्या देशांत पाच जाती मिळतात, आणि त्यांतला नवख्याला झेपेल असा एकच: लाल छातीचा फ्लफटेल. तो वर्षभर एकाच जागी राहतो, बऱ्याच पाणथळींत आहे आणि बोलकाही आहे.

आकार चिमणीहून किंचित मोठा, 15 ते 17 से.मी. नराचं डोकं, मान आणि छाती विटकरी लाल, त्याखालचं सगळं अंग काळं आणि त्यावर तांदूळ सांडल्यासारखे पांढरे ठिपके-रेघा. मादी गडद तपकिरी, बारीक फिक्या ठिपक्यांची, म्हणजे चिखलावर ठेवली तर चिखलच. शेपटी आखूड आणि पिसारलेली, त्यावरूनच इंग्रजी नाव पडलं. आफ्रिकान्स भाषेत याला 'फ्लेकाइकन' म्हणतात. 'फ्ले' म्हणजे गवताळ पाणथळ, 'काइकन' म्हणजे कोंबडीचं पिल्लू. मला हे नाव जास्त आवडतं, कारण चुकून दिसलाच तर तो अगदी तसाच दिसतो: डालग्यातून निसटलेलं पिल्लू, भेदरलेलं, कुठल्यातरी बुडख्याकडे पळणारं.

पळणं हा शब्द महत्त्वाचा. हा पक्षी उडायला राजी नसतो. लव्हाळ्याच्या बुंध्यांमधून उंदरासारखा धावतो. पायाशीच आला तर कधीतरी उडतो, तेही पाय लोंबकळत, चार-पाच मीटर, आणि पुन्हा गवतात टपकतो. एकदा असा उठला की तिथून दुसऱ्यांदा सहसा उठत नाही. म्हणून गवत तुडवत जाऊन त्याला उठवायचा विचार पहिल्यांदा डोक्यातून काढा. नवशिके नेमके तिथूनच सुरुवात करतात, मीही केली होती. बूट चिखलात गेला, पक्षी दिसला नाही.

घरी बसून कान तयार करा

हे काम जायच्या आदल्या रात्री करू नका, दोन आठवडे आधी सुरू करा. रॉबर्ट्स किंवा सासोल यांपैकी एखादं पक्ष्यांचं ॲप फोनवर घ्या, दोन्हींत आवाज आहेत. रोज भांडी घासताना लाल छातीच्या फ्लफटेलचे आवाज लावा.

त्याचे तीन आवाज ओळखता आले की पुरे. पहिला खोल 'वूप', साधारण सेकंदाला एक, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा. दुसरा चिडल्यावरचा, जलद आणि वरच्या पट्टीतला: 'गुडुक, गुडुक, गुडुक'. तिसरा घंटीसारखा खणखणीत 'टुवी-टुवी-टुवी', आणि एवढ्याशा जिवातून एवढा आवाज येतो यावर पहिल्या वेळी विश्वास बसत नाही.

आता गोम. पाणथळीत 'वूप' करणारे बरेच जण आहेत. त्यांतला अट्टल फसवा म्हणजे कॅसिना नावाचा छोटा बेडूक. त्याचा आवाज बुडबुडा फुटावा तसा, 'क्वॉइप', आणि पावसाळी संध्याकाळी शेकडोंनी येतो. माझ्या फोनमध्ये पंचेचाळीस मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण होतं. 'माझा पहिला फ्लफटेल' असं नाव देऊन ते मी एका जुन्या जाणत्या पक्षीमित्राला पाठवलं. त्यांनी उलट टपाली दोनच शब्द लिहिले: 'छान बेडूक.' फरक असा ओळखा: बेडकाच्या आवाजाला शेवटी वर जाणारी उसळी असते, एकाने सुरू केलं की दुसरा लगेच उत्तर देतो, आणि आवाज उघड्या पाण्याच्या कडेने येतात. फ्लफटेलचा 'वूप' सपाट असतो, ठरल्या तालात येतो आणि दाट लव्हाळ्याच्या पोटातून येतो.

आणखी दोन पाणपक्ष्यांचे आवाज पाठ असू द्या. आफ्रिकन रेल वरच्या पट्टीत कंप घेत घेत खाली उतरते, शिट्टीतली हवा संपत आल्यासारखी. काळी फटाकडी घशातून गुरगुरते आणि जोडीदार त्यात सूर मिसळतो. ही काळी फटाकडी, पिवळी चोच आणि लालभडक पाय, त्यामानाने धीट आहे. कधीकधी पाणघोड्याच्या पाठीवरही चालताना दिसते. पहिल्याच दिवशी तुम्हाला ती दिसेल आणि हुरूप येईल. हुरूप येऊ द्या, पण तिला फ्लफटेल समजू नका.

भाऊबंदांपैकी एकाची गंमत सांगतो. क्वाझुलु-नाताळच्या किनारपट्टीत ठिपकेवाला फ्लफटेल जंगलात आणि झाडीच्या बागांतही राहतो. तो रात्री किंवा ढगाळ दिवशी तीन-चार सेकंद लांबणारा एकच घुमारा काढतो, दूरवरच्या बोटीच्या भोंग्यासारखा. मध्यरात्री बागेतून असा आवाज आला की घाबरगुंडी उडते. डर्बनकडे राहायला गेलेल्या नव्या भाडेकरूंनी पहिल्या उन्हाळ्यात भुताखेताचा संशय घेण्याआधी हे वाक्य आठवावं.

जागा कुठली

माझं मत विचाराल तर वाकरस्ट्रूम. म्पुमालांगा प्रांतातलं एक छोटं गाव, फोल्क्सरस्टपासून 27 किलोमीटर, जोहान्सबर्गहून गाडीने साधारण साडेतीन तास. उंची सतराशे मीटरच्या वर, म्हणून उन्हाळ्यातही पहाटे स्वेटर लागतो. गावाला लागूनच मोठी पाणथळ आहे आणि अमर्सफोर्टच्या रस्त्यावर तिच्यावरून पूल जातो. त्या पुलाजवळ उभं राहिलं की दोन्ही बाजूंना लव्हाळा, बोरू आणि पाणकणसांचा पसारा. बर्डलाइफ साउथ आफ्रिका या संस्थेचं केंद्र गावात आहे, तिथे स्थानिक वाटाडे मिळतात. पहिल्या खेपेला वाटाड्या घ्याच. कुठल्या कोपऱ्यात सध्या जोडी बोलते आहे हे त्याला माहीत असतं, आणि त्या एका माहितीने तुमच्या तीन खेपा वाचतात.

तेवढं लांब जमत नसेल तर नायजेल गावाजवळचं मारीवाले पक्षी अभयारण्य जोहान्सबर्गहून तासाभरावर आहे. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या 'रामसर' यादीतल्या ब्लेसबोकस्प्रूटचा तो भाग. तिथे पाण्याकाठी हाइड आहेत, म्हणजे खिडक्या असलेल्या लपून बसायच्या खोल्या. रेल आणि काळी फटाकडी बघायला उत्तम. केप टाउनकडे असाल तर रीटफ्ले आणि रोंडेफ्ले.

झिम्बाब्वेत हरारे शहरातच मोनाव्हेल फ्ले नावाची पाणथळ आहे. तिथे वेगळा, रेघाळ छातीचा फ्लफटेल पावसाळ्यापुरता येतो. तो पुढचा टप्पा. आधी हा जमवा.

वेळ, वारा, पाणी

इथला उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा, हे पहिलं वर्षभर डोक्यात बसत नाही. लाल छातीचा फ्लफटेल वर्षभर तिथेच असतो, पण सप्टेंबरनंतर विणीच्या दिवसांत जास्त बोलतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास उजाडतं. तुम्ही त्याआधी अर्धा तास जागेवर बसलेले असायला हवं. संध्याकाळही चालते, पण उन्हाळ्यात दुपारनंतर या पठारावर गडगडाटी पाऊस येतो आणि विजा जमिनीपर्यंत येतात. उघड्या माळावर, हातात लोखंडी तिपाई घेऊन, ही काही शहाणपणाची वेळ नव्हे. ढग काळे झाले की गाडीत.

वारा असेल तर परत झोपा. पानं सळसळली की आवाजही ऐकू येत नाही आणि पक्षीही बाहेर येत नाही. ढगाळ, निवांत, किंचित दमट सकाळ सगळ्यात चांगली.

पाण्याबद्दल लोक चुकतात. त्यांना वाटतं, पाणी जास्त म्हणजे पक्षी जास्त. फ्लफटेलला बदकासारखं पोहायचं नसतं. त्याला ओला चिखल, त्यावर घोट्याएवढं पाणी आणि डोक्यावर दाट छप्पर हवं असतं. किडे, कोळी, गोगलगायी, गांडुळं, गवताचं बी असं तो त्या चिखलातून टिपत फिरतो. म्हणून भर पाण्यातल्या उंच बोरूंपेक्षा कडेचा गुडघाभर लव्हाळा बघा. हिवाळ्यात इथे गवत जाळतात. जळालेल्या भागात लपायला काही उरत नाही, पण मध्ये एखादा न जळलेला हिरवा तुकडा राहिला असेल तर आसपासची मंडळी तिथे गोळा झालेली असतात. तिथे थांबणं फायद्याचं.

बसायचं कसं

खरं कौशल्य इथे आहे, आणि त्यात कौशल्यासारखं काही दिसत नाही.

आवाज कुठून येतो ते आधी ठरवा. दोन जागांवरून ऐका, दोन्ही दिशा मनात ओढा, त्या जिथे कापतात तिथे तो. आता त्याच्याकडे जाऊ नका. त्याच्या जवळपास लव्हाळ्यात फट कुठे आहे ते शोधा. जनावरांची पायवाट, दोन झुडुपांमधली चिखलाची पट्टी, चराच्या कडेला पाणी ओसरून उघडी पडलेली वीतभर जागा. फ्लफटेलची हद्द लहान असते आणि ती त्याला दिवसातून कित्येकदा पायाखाली घालावी लागते. एका बाजूच्या गवतातून दुसऱ्या बाजूच्या गवतात जाताना ती फट ओलांडावीच लागते. तुम्ही त्या फटीची राखण करायची.

आठ-दहा मीटरवर खुर्ची टाका. घडीची, बुटकी, कॅनव्हासची, प्लास्टिकची करकरते. सूर्य पाठीशी. कपडे मातकट, जॅकेट न सरसरणारं. दुर्बीण आधीच त्या फटीवर नेमून ठेवा, 8×42 (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मि.मी. भिंगाची) असेल तर उत्तम, कारण पहाटेच्या उजेडात मोठं भिंग कामी येतं. कोपर गुडघ्यावर टेकवा म्हणजे हात भरून येत नाहीत. आणि मग निदान एक तास हलू नका.

पहिली वीस मिनिटं काहीच होत नाही. नंतर दलदल तुम्हाला विसरते. बोरूतले छोटे वटवटे पुन्हा बोलायला लागतात, एखादा बेडूक पायाशी येऊन बसतो, डोक्यावरून तुरेवाले क्रौंच ओरडत जातात. मान वर करू नका. मी केली होती. दोन वेळा क्रौंचांकडे बघितलं आणि दोन्ही वेळा बायको शेजारून पुटपुटली, "गेला."

तिसऱ्या खेपेला दिसला तो असा. 'वूप' बराच वेळ बंद होता. फटीच्या डाव्या कडेचं एक पातं हललं, वारा नव्हता. मग त्या पात्यामागे एक लाल ठिपका, आधी मला वाळलेलं पान वाटला. त्या पानाला डोळा होता. तो बाहेर आला, एक पाऊल, दुसरं पाऊल, चिखलावरून काहीतरी टिपलं, शेपटी एकदा वर झटकली, पाठीवरचे पांढरे ठिपके एक-एक वेगळे दिसले, आणि चौथ्या पावलाला पलीकडच्या गवतात. जास्तीत जास्त तीन सेकंद. चिखलावर त्याच्या बोटांचे ठसे उमटले होते, लांब बोटांचे, रुपयाच्या नाण्याएवढे.

त्या दोन-तीन सेकंदांत काय बघायचं

सगळं बघू म्हणाल तर काहीच दिसणार नाही. दोनच गोष्टी बघा. एक, लाल रंग कुठे संपतो. या जातीत तो छातीवर आणि पाठीच्या वरच्या भागापर्यंत उतरतो. ठिपकेवाल्यात छातीच्या वरच्या भागाशीच थांबतो. दोन, शेपटीचा रंग. लाल छातीवाल्याची काळी, त्यावर बारीक पांढरी नक्षी. डोंगरउतारावरच्या गवतात राहणाऱ्या पट्टेरी फ्लफटेलची शेपटी मात्र लालच असते. मादी दिसली आणि जात कळली नाही तर निराश होऊ नका, भल्याभल्यांना कळत नाही. शेजारी नर बोलत असेल तर त्यावरून ठरवा.

घरटं शोधू नका. ते पाण्यालगत दाट गवतात, पाती वरून ओढून घेतलेलं असतं, आत पांढरी अंडी. एकदा गवत बाजूला केलंत की ते छप्पर पुन्हा तसं बसत नाही, आणि सापाला किंवा मुंगसाला वाट मोकळी होते.

फोनवर आवाज वाजवण्याबद्दल

वाजवाल तर तो येईल. हे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सरळ सांगतो. आपल्या हद्दीत परका नर शिरला असं वाटून तो फोनच्या दिशेने धावत येतो, कधीकधी बुटापर्यंत. पण त्या वेळात तो खात नाही, अंडी सोडून येतो, आणि मादी सैरभैर होते. वाकरस्ट्रूमसारख्या ठिकाणी दर शनिवारी दहा गाड्या येतात. प्रत्येकीने एकदाच वाजवला तरी त्या जोडीच्या वाट्याला दहा भांडणं. मी वाजवत नाही. घरी ऐकण्यासाठी ॲप ठेवा, पाणथळीवर फोन खिशात.

एका भावंडाच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवू नये. पांढऱ्या पंखांचा फ्लफटेल हा जगातल्या सर्वांत दुर्मीळ पक्ष्यांपैकी एक, 2013 पासून 'अतिसंकटग्रस्त' यादीत, आणि प्रौढ पक्षी 250 हूनही कमी असावेत असा अंदाज. याचा नमुना पहिल्यांदा मिळाला तो 1876 साली पॉचेफस्ट्रूमजवळ. टॉमस आयर्स यांनी मिळवला म्हणून शास्त्रीय नावात आयर्स आले. त्यानंतर बराच काळ हा पक्षी फार थोड्यांना दिसला. त्याची वीण फक्त इथिओपियाच्या पठारावर, बेर्गासारख्या दलदलीत होते असं मानलं जाई, आणि दक्षिण आफ्रिकेत दिसणारे पक्षी तिकडून उन्हाळ्यापुरते येत असावेत असा समज होता. मग डलस्ट्रूमजवळच्या मिडलपंट पाणथळीत अभ्यासकांनी चिखलालगत स्वयंचलित कॅमेरे बसवले. 2018 मध्ये त्यांत पिल्लं दिसली. म्हणजे तो इथेही घर करत होता, आणि कोणाला पत्ता नव्हता! त्याचा आवाजही नेमका कोणता, हे त्याच काळात त्याच पाणथळीत पक्कं झालं. तोवर जाणकारांतही त्यावर वाद होता, तेव्हा माझ्या बेडकाचं मी फार मनाला लावून घेत नाही.

या पक्ष्याच्या मागे नवख्यांनी लागू नये. त्याच्या जागा मोजक्या आहेत, आणि शेतीसाठी उपसा, चराई, अवेळी लावलेली आग आणि म्पुमालांगातल्या कोळशाच्या खाणी यांनी पाणथळी आधीच कातरल्या आहेत. जिथे जायला परवानगी लागते तिथे ती घेऊनच, बर्डलाइफ संस्थेच्या माणसाबरोबर जा. आणि असा पक्षी योगायोगाने दिसलाच तर जागा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, संस्थेला कळवा.

बारीकसारीक, पण कामाचं

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्या. गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्या चाव्याने ताप येतो, म्हणून पँट मोज्यांत खोचा. दिसायला वाईट दिसतं, दिसू द्या. या उंच पठारावर मलेरिया नाही, पण खाली लोवेल्डच्या, म्हणजे सखल प्रदेशाच्या पाणथळींत आहे, तिकडे जाणार असाल तर डॉक्टरांना विचारा. साप बघून पाय टाका: रिंकाल्स नावाचा विष थुंकणारा साप याच गवतात असतो, आणि पफ ॲडर पायवाटेवर निवांत पडून राहतो. गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका. एकट्याने जाऊ नका. पहाटे अंधारात गाडी हळू, खड्डे मोठे आहेत. थर्मासमध्ये चहा, आणि खायला काहीतरी न वाजणारं. चिवडा नको. हे अनुभवाने सांगतो. शांत पहाटे पोह्यांचा आवाज फार लांब जातो.

नोंद मात्र कराच. दक्षिण आफ्रिकेत 2007 पासून पक्षी-नकाशाचा दुसरा मोठा उपक्रम चालू आहे. त्यात देशाचे पाच मिनिटं अक्षांश गुणिले पाच मिनिटं रेखांश असे चौकोन पाडलेत, साधारण नऊ किलोमीटर बाय आठ किलोमीटरचे, आणि सामान्य माणसंच त्यांच्या याद्या पाठवतात. बर्डलासर हे ॲप घेतलं की फोनवरून जमतं. पूर्ण यादीसाठी निदान दोन तास त्या चौकोनात द्यावे लागतात, आणि तेवढे तर तुम्ही खुर्चीतच घालवलेले असतात. या याद्यांत नुसता ऐकलेला पक्षीही धरतात. म्हणून दिसला नाही म्हणून हात हलवत परतायचं कारण नाही. फक्त पाठवण्याआधी तो बेडूक नव्हता एवढी खात्री करा.

घरी पोचल्यावर आंघोळीआधी गुडघ्यामागे आणि काखेत गोचिडी बघा. मोजे बाहेरच झटका.